मदत हवी आहे: ट्रेलरचा एसी उचलत नाही, एमसीबी पडते

मंडळी, मांद्रेला मामांच्या आवारात माडाखाली आमचा कॅम्पिंग ट्रेलर उभा आहे. आत एक टनाचा साधा एसी, इन्व्हर्टरवाला नाही. पंखा छान चालतो, पण कॉम्प्रेसर उचलायला गेला की घुंई करतो, दिवे मंदावतात आणि काही सेकंदांत एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडते. मीटर लावला तर त्या क्षणी ट्रेलरमध्ये १८८ व्होल्ट, घरच्या बोर्डापाशी मात्र २१४. मधे ३० मीटर वायर, दीड स्क्वेअर एमएमची, अर्धी रिळावरच गुंडाळलेली. काल प्लग काढला तर एक पिन काळी, भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं!

४ स्क्वेअरची वायर आणि १६ अँपिअरचा प्लग घेतोच आहे. एसीचा कपॅसिटर (कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) फुगलेला नाही, पण खाऱ्या वाऱ्याने टर्मिनलवर हिरवी पूड धरलीय. तोही आताच बदलू का? मेकॅनिक तर न उघडताच गॅस भरूया म्हणाला. गॅसने एमसीबी कशी पडेल?

आणखी एक, खरं तर हेच आधी लिहायला हवं होतं: अनवाणी ओल्या पायांनी ट्रेलरच्या शिडीला हात लावला की झिणझिण्या येतात. सध्या सप्लाय बंदच ठेवलाय. घरच्या अर्थिंगवर भागेल की ट्रेलरला आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) वेगळी लावू? चवथीला पोरंटोरं येणार आहेत.