पाणी माणशी वाटायचं की जमिनीप्रमाणे?

माळरान: 2016 ला लातूरला मिरजेवरून रेल्वेने पाणी आलं, 12 एप्रिलची पहिली गाडी, 10 वॅगन, 5 लाख लिटर. लोक वॅगनचे फोटो काढत होते आणि जिल्ह्यात ऊस उभाच होता. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखेंनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, माणशी अर्ध्या एकराचं पाणी, घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं, भूमिहीनालाही वाटा आणि ऊस बाद. हे मराठवाड्यात का नको?

खोडवा: आला, ऊसवाल्यावर घसरायचा सीझन आला. हौस म्हणून लावतो का आम्ही? सोयाबीन काढणीला आलं की पाऊस, तूर घरात आली की भाव पडतो. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर तरी आहे, 14 दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे.

माळरान: 14 दिवस? हसवू नका राव.

खोडवा: उशिरा का होईना येतात ना. तुरीचे कोण देतंय? आणि जमीन माझी, कर्ज माझ्या नावावर, मग पाणी माणशी कसं?

आडाची_पोरगी: जमीन तुमची, खालचं पाणी कुणाचं दादा? शेजाऱ्याने 500 फूट बोअर मारलं आणि आमची आज्याच्या काळातली विहीर फेब्रुवारीतच कोरडी. मग हंडे घेऊन कोण फिरतं, तुम्ही का आई? 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरच्या खाली बोअर नको म्हटलंय, पण बोअरची गाडी येते रात्री, मोजायला कोण जाणार. हिवरे बाजारला शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद, पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, आधी प्यायचं, जनावरांचं, मग पिकं.

खोडवा: तिथे गाव एकत्र बांधणारे पोपटराव पवार आहेत. आमच्याकडे तीन पार्ट्या, सरपंच ठरवायला दोनदा पोलीस आले, ताळेबंद काय मांडताय.

माळरान: ड्रिप तरी करा मग.

खोडवा: केलंय की, दोन एकरचं पाणी वाचलं.

आडाची_पोरगी: आणि त्या वाचलेल्या पाण्यावर अजून दोन एकर ऊस लावला. बरोबर ना?

खोडवा: …दीड एकर. खोटं कशाला बोलू. तुरीला उसासारखी हमखास खरेदी द्या, पुढच्या वर्षी खोडवा, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस, मोडतो.

आडाची_पोरगी: आणि बोअर?