मदत हवी आहे: पांढरीच्या टेकाडावर प्लॉट पडणार, हरकत कशी लिहू?

गिरणाकाठचा:
नमस्कार मंडळी. आमचं गाव जळगाव जिल्ह्यात, गिरणेच्या काठी. गावाला लागूनच पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीचं, टेकाड आहे. धाब्याच्या घरांवर टाकायला आजोबांच्या काळी सगळं गाव तिथूनच माती न्यायचं. मागच्या महिन्यात वाटेसाठी जेसीबीनं त्याची एक कड कापली. जाऊन पाहतो तर पुरुषभर उंचीच्या कापात राखेचे पट्टे, चुलीसारखी भाजलेली माती आणि तांबड्यावर काळ्या रेघा असलेली खापरं. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

कारण याच नदीवर, चाळीसगाव तालुक्यात, बहाळ आहे. तिथं 1952-53 मध्ये उत्खनन झालं, ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती निघाली. समोरच्या काठावर टेकवाड्याला दफनं सापडली. तापी-गोमाईच्या संगमावर असंच उत्खनन झालेलं प्रकाशे आहेच. आधी तीही टेकाडंच होती.

आता अडचण. गाव शेजारच्या नगरपालिकेच्या वाढीव हद्दीत आलंय. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झालाय आणि त्यात टेकाड पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे रहिवासी. हरकतींच्या 30 दिवसांतले 11 गेले. तिथल्या बाबूंनी सांगितलं, "संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही, मग स्मारक कसलं?" 1958 च्या केंद्रीय कायद्यातली 100 मीटर बांधकामबंदी आणि पुढची 200 मीटर परवानगीची अट संरक्षित स्मारकांनाच आहे, हे मलाही कळतं. पण यादीत नसलेल्या जागेला काहीच आधार नाही का?

आणखी एक. अर्धी जमीन माझ्या चुलत काकांची आहे. मुलीच्या लग्नाचं कर्ज त्यांना त्या प्लॉटांवरच फेडायचंय. त्यांचं नुकसान करून मला काही वाचवायचं नाही.

तापीवाली:
भाऊ, आधार आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 22 बघा. ऐतिहासिक महत्त्वाच्या जागांचं जतन हा विकास आराखड्याचाच विषय आहे, तिथं यादीची अट नाही. कलम 26 खालच्या हरकतीत गट नंबर, सातबारा, नकाशाचा उतारा लावा आणि टेकाड रहिवासीतून काढून मोकळ्या जागेच्या आरक्षणात दाखवा, अशी नेमकी मागणी करा. नुसतं "वारसा वाचवा" लिहू नका. सुनावणीला स्वतः उभे राहा. पोच घ्यायला विसरू नका.

त्याच दिवशी राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या नाशिक कार्यालयाला पाहणीसाठी पत्र द्या. 1960 च्या राज्य कायद्यानं संरक्षण मिळू शकतं, पण त्याला वेळ लागतो. तोवर आराखडाच तुमचा बांध.

काकांचं म्हणाल तर आरक्षित जमिनीला कलम 126 प्रमाणे मोबदला किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळतो. त्यांना आधी हे सांगा, मग अर्ज करा. आणि खापरं उचलू नका हो! कापाला मोजपट्टी लावून फोटो काढा. कुठल्या थरात काय आहे, हीच त्याची किंमत.

गिरणाकाठचा:
ताई, फार आभार. एका पोराला त्या मातीत तांब्याची सहा-सात नाणी सापडलीत, त्यांचं काय करायचं?

तापीवाली:
निखात निधी अधिनियम, 1878, म्हणजे जमिनीत सापडलेल्या ठेव्याचा कायदा. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, लपवलं तर शिक्षा आहे. नाणी घासू नका, चिंचेनं तर मुळीच नाही. पोराला घेऊन उद्याच जा.

गिरणाकाठचा:
उद्या सकाळच्या एसटीनं निघतो. काकाही येतो म्हणालेत.