प्लेटलेट, बिंबाणू की ‘पांढऱ्या पेशी’?

मुग्धबोध: प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणारे रक्तातले बारीक कण) कमी होण्याविषयी रुग्णांसाठी एक पत्रक मराठीत करतेय. ‘थ्रॉम्बोसायटोपेनिया’ला मी ‘बिंबाणुन्यूनता’ लिहिलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते खोडून ‘प्लेटलेट पेशी कमी होणे’ केलं. न्यूनता गेली, हरकत नाही. पण प्लेटलेटला पेशी म्हणायचं का?

जुनी_पाटी: बिंबाणू सोडू नका! बिंब म्हणजे तबकडी. ग्रीक ‘पेनिया’ म्हणजे दारिद्र्य, म्हणजे खरं तर ‘बिंबाणुदारिद्र्य’. :)

रात्रपाळी: लॅबमध्ये काम करतो. पेशी म्हणू नये. हाडांतल्या मज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाच्या दांडग्या पेशी असतात, त्यांचे हे तुकडे. केंद्रक नाही, आयुष्य आठ-दहा दिवसांचं.

काना_मात्रा: केंद्रक तर तांबड्या पेशीतही नसतं. तिचीही पदवी काढून घेणार का?

रात्रपाळी: ती अख्खी पेशी असते, केंद्रक नंतर टाकते. असो. खरा घोळ वेगळाच आहे. नातेवाईक विचारतात, “पांढऱ्या पेशी किती झाल्या?” त्यांना हव्या असतात प्लेटलेट. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये पांढऱ्या पेशी साधारण 4 ते 11 हजार, प्लेटलेट दीड ते साडेचार लाख. ‘नऊ हजार’ हा आकडा पांढऱ्यांचा असेल तर निवांत झोपा. प्लेटलेटचा असेल तर डॉक्टर झोपू देणार नाहीत.

जुनी_पाटी: म्हणूनच स्वतंत्र मराठी शब्द हवा!

काना_मात्रा: आहे की. प्लेटलेट.

मुग्धबोध: उपचारांतही अडलंय. ‘प्लेटलेट चढवल्या’ म्हणजे पिशवी लावली की औषधाने आकडा वाढवला?

सखी_शेजारीण: आमच्याकडे पिशवीलाच म्हणतात. बहिणीला आयटीपी होता, म्हणजे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारतं. सासूबाई रोज विचारायच्या, “अजून का चढवत नाहीत?” बाहेरून दिलेल्याही तशाच मारल्या जातात, जोराचा रक्तस्राव असेल तरच देतात, हे समजावता समजावता पुरेवाट झाली. तिला स्टिरॉइडनेच आकडा वर आला. काहींना एल्ट्रॉम्बोपॅग देतात, ते मज्जेला जास्त प्लेटलेट बनवायला लावतं.

रात्रपाळी: मुग्धबोध, ‘पिशवी देणे’ आणि ‘आकडा वाढवणे’ असं सरळ वेगळं लिहा. आणि एक ओळ घाला: कधीकधी नमुन्याच्या नळीतल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन) प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र कमी मोजतं. तेव्हा रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, ईडीटीएऐवजी सायट्रेट असलेल्या नळीत पुन्हा मोजायचं. याला मी ‘खोटी घट’ म्हणतो.

जुनी_पाटी: ‘आभासी न्यूनता’ म्हणा. बरं, बिंब म्हणजे तोंडलंही, म्हणून तर ‘बिंबाधर’. बिंबाणू म्हणजे चिमुकलं तोंडलं!

काना_मात्रा: तोंडलं लांबुळकं, प्लेटलेट चपटी. आणि बिंबाणू पुल्लिंगी की नपुंसक? ‘बिंबाणू घटले’ की ‘घटलं’?

जुनी_पाटी: अणू पुल्लिंगी, म्हणून ‘तो बिंबाणू’.

सखी_शेजारीण: आमच्या घरी ‘ते प्लेटलेट’ म्हणतात.

काना_मात्रा: ‘त्या’!