तापलेल्या रेणूंचे व्यतिकरण टिकते कसे?

प्रश्न : १९९९ मध्ये व्हिएन्ना येथे ६० कार्बन अणूंच्या फुलरीन रेणूंचे व्यतिकरण, म्हणजे बारीक फटींच्या जाळीतून जाताना वेगवेगळ्या मार्गांच्या लहरी मिसळून उमटणारे पट्टे, दाखवण्यात आले. हे रेणू सुमारे ९०० केल्विनपर्यंत तापवलेल्या भट्टीतून निघत होते, म्हणजे वाटेत ते इन्फ्रारेड फोटॉन (प्रकाशाचे कण) सोडू शकत होते. परिसराशी संबंध आला की व्यतिकरण नष्ट होते, असे आपण शिकतो; मग पट्टे दिसलेच कसे?

उत्तर १ : ते विधान फारच ढोबळ आहे. बाहेर पडलेल्या फोटॉनवरून रेणूचा मार्ग ओळखता येतो का, एवढेच पाहायचे. त्या फोटॉनची तरंगलांबी सुमारे १० मायक्रोमीटर होती आणि जाळीच्या लगतच्या फटींमधले अंतर १०० नॅनोमीटर, म्हणजे तिचा शंभरावा भाग. त्यामुळे कोणत्याही फटीतून गेलेल्या रेणूने सोडलेला फोटॉन जवळजवळ सारखाच असतो आणि मार्ग उघड होत नाही. २००४ मध्ये ७० कार्बन अणूंचे रेणू लेसरने आणखी तापवले, तेव्हा फोटॉन वाढले, त्यांची तरंगलांबी घटली आणि ३००० केल्विनच्या सुमारास पट्टे पुसले गेले. ते फोटॉन कोणी पाहत नव्हते, हे मुद्दाम सांगतो, कारण कोणी पाहिले म्हणूनच व्यतिकरण मोडते असे सुचवणाऱ्या ‘निरीक्षक’ या शब्दाने निष्कारण गोंधळ माजला आहे.

उत्तर २ : वायूच्या टकरींचे गणित निराळे आहे. निर्वात कक्षात थोडा वायू सोडला की त्याच्या कणांची तरंगलांबी मार्गांमधील अंतरापेक्षा कितीतरी लहान असल्याने रेणूचा मार्ग उघड व्हायला एकच टक्कर पुरते. तरीही २००३ च्या प्रयोगात पट्टे एकदम गेले नाहीत. दाब वाढेल तसा त्यांचा ठळकपणा घातांकी रीतीने, म्हणजे दाबाच्या प्रत्येक सारख्या वाढीला सारख्याच पटीने, उतरत गेला, कारण टक्कर न होता पार पडणाऱ्या रेणूंचे प्रमाण तसेच घटते.

प्रश्नकर्ता : मग नष्ट झालेले व्यतिकरण कायमचेच गेले का?

उत्तर १ : तत्त्वतः नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सोडियम अणूंवरून एकेक फोटॉन विखुरला, तेव्हा मार्गांमधील अंतर तरंगलांबीच्या निम्म्यावर येताच पट्टे जवळजवळ नाहीसे झाले. पण फोटॉनच्या धक्क्याने ठरावीक दिशेला वळलेले अणूच वेगळे मोजले, तेव्हा पट्टे बऱ्याच अंशी परतले. एका फोटॉनचा असा हिशेब ठेवता येतो. तापलेल्या रेणूने चहूकडे सोडलेल्या फोटॉनांचा ठेवणे व्यवहारात अशक्यच.