लहान मुलांसह जूनमधील भारतभेट: आधी पुणे की आधी कणकवली?

अबोली:
नमस्कार. आम्ही टेक्सासमधील ऑस्टिन येथे राहतो. थोरली मुलगी साडेपाच वर्षांची, तर धाकटा १४ महिन्यांचा आहे. इथली शाळा मेअखेरीस सुटते, त्यामुळे १ जूनच्या सुमारास मुंबईत उतरून ४ आठवडे राहण्याचा विचार आहे. नवऱ्याला मात्र २ आठवड्यांचीच रजा मिळाली आहे. सासर पुण्याला कोथरूडमध्ये आणि माहेर कणकवलीजवळच्या खेड्यात आहे. पहिले २ आठवडे सर्वांनी पुण्यात राहावे आणि नवरा परतल्यावर मी मुलांना घेऊन माहेरी जावे, असे जवळजवळ ठरले आहे. सासूबाईंनी तसा आग्रह धरलेला नाही, परंतु त्या दिवस मोजत आहेत हे मला फोनवरही कळते. मागच्या भेटीत आम्ही २२ दिवसांत १४ घरी जेवलो आणि मुलगी त्यांतले ९ दिवस आजारी होती. तसे पुन्हा होऊ नये, एवढीच इच्छा आहे. क्रम, प्रवास आणि आरोग्य यांविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सल्ला द्यावा.

पन्हळ:
आपण क्रम उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथली आणि इथली सुट्टी यांची गाठ जेमतेम २ आठवडे पडते, कारण महाराष्ट्रातील बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात; त्यानंतर आपण माहेरी पोहोचलात तर मामे-मावस भावंडे शाळेत गेलेली असतील आणि आपली मुलगी पडवीत एकटीच बसून पाऊस पाहील. तो पाऊसही बहुधा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणात दाखल होतो. झाडावरचे शेवटचे आंबे, बरका फणस, जांभळे आणि खळ्यात अनवाणी धावणे हे सारे त्याच्या आधीच उरकावे लागते, आणि नंतर उरते ती ओली लाकडे, डास व पहिल्या वादळासरशी जाणारी वीज. १४ महिन्यांच्या बाळाला सारवलेल्या ओलसर जमिनीवर सोडता येत नाही, दिवसभर कडेवरच ठेवावे लागते, हे मी दोनदा अनुभवले आहे. पुण्याचा जून त्या मानाने सौम्य असतो.

उतरल्याबरोबर मात्र कोकणाची गाडी पकडू नका. ऑस्टिन आणि मुंबई यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो, म्हणजे मुलांची रात्र आणि दिवस पूर्णपणे उलटतात. मुंबईत किंवा ठाण्यात कोणाकडे २ रात्री काढाव्यात आणि मग सकाळी सुटणारी मांडवी एक्स्प्रेस घ्यावी. पहाटे ३ वाजल्यापासून जागी असलेली मुले सकाळच्या गाडीसाठी आपोआप तयार असतात, हा या फरकाचा एकमेव फायदा. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, हे लक्षात असू द्या. जूनच्या सुरुवातीला चाकरमानी मुंबईकडे परतत असल्यामुळे कोकणात जाणारी तिकिटे तुलनेने सहज मिळतात, परतीची मात्र मिळत नाहीत. म्हणून परतीचे आरक्षण ते उघडेल त्याच दिवशी करावे. थोरलीने ५ वर्षे ओलांडली असल्याने तिला स्वतंत्र जागा हवी असल्यास पूर्ण भाडे पडेल.

जुनी पैठणी:
मी स्वतः आजी आहे, म्हणून सासूबाईंच्या बाजूने लिहिते. क्रम उलटा करणे योग्यच आहे, परंतु तो सासूबाईंना आपण सांगू नये, त्यांच्या मुलाने सांगावा. सुनेने सांगितले की ते माहेरचे वेड ठरते आणि मुलाने सांगितले की तीच गोष्ट पावसाचा अंदाज ठरते. हसू येते, पण आमच्याही घरी असेच झाले. मग आम्ही दोघे पुण्याहून ठाण्याला गेलो आणि नातवंडांची पहिल्या २ रात्रींची जागरणे आम्हीच काढली. त्या पहाटेच्या ३ वाजताच्या गप्पांनी माझी सगळी तक्रार संपली. तुमच्या सासूबाईंनाही ठाण्याला बोलावून पाहा. कोथरूडला आल्यावर घरोघरी जेवायला जाण्याऐवजी एखाद्या रविवारी सर्वांना सासूबाईंच्याच घरी बोलवावे. ज्यांना राग यायचा त्यांना तो तरीही येईलच.

दीपमाळ:
आरोग्याविषयी थोडे. टायफॉइडची टोचायची लस अमेरिकेत २ वर्षांनंतरच देतात, त्यामुळे धाकट्याला ती तिकडे मिळणार नाही. भारतात ६ महिन्यांपासून देता येणारी लस उपलब्ध आहे, परंतु येथे येऊन घेतल्यास तिचा परिणाम दिसेपर्यंत आपला निम्मा मुक्काम संपलेला असेल. म्हणून उकळून गार केलेले पाणी हाच खरा आधार. लसींबाबत मुलांच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी किमान ४ ते ६ आठवडे भेटावे. कोकणात बाळाला उकड्या तांदळाची मऊ पेज द्यावी, बाहेरचा बर्फ व उघडी कापलेली फळे टाळावीत आणि जुलाब झाल्यास द्यायची जलसंजीवनीची (ओआरएस) पाकिटे हाताशी ठेवावीत. एक मोठे पाकीट १ लिटर पाण्यातच विरघळवायचे असते, अर्धे पाकीट अंदाजाने पेल्यात टाकू नये.

गडग्याच्या दगडांत आणि सरपणात विंचू असतात, म्हणून चपला झटकूनच घालाव्यात. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रूढ केले आणि त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण फार घटले. तरीही मुलाला दंश झाल्यास मंत्र-पाला करत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

मुलीचा पासपोर्ट ५ वर्षांनी नवा झाला असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे) पुन्हा काढण्याची गरज नाही, परंतु नव्या पासपोर्टची प्रत आणि छायाचित्र संकेतस्थळावर चढवावे लागते.

अबोली:
सर्वांचे मनापासून आभार. नवऱ्याने काल आईंना फोन केला. "पावसाचं काही खरं नाही, आधी कोकणच उरका," असे त्या स्वतःच म्हणाल्या आणि ठाण्याला येण्याचेही त्यांनी कबूल केले. आता एकच प्रश्न उरला आहे: कणकवलीहून पुण्याला फोंडाघाटातून कोल्हापूरमार्गे गाडीने जावे की रेल्वेने?

पन्हळ:
थोरलीला गाडी लागत असेल, तर घाटाचा विचारही करू नका. पनवेलपर्यंत रेल्वेने यावे आणि तेथून द्रुतगती मार्गाने पुणे गाठावे. जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागू होते आणि गाड्यांच्या वेळा बदलतात, त्यामुळे तिकीट आधीच काढले असले तरी निघण्याच्या आदल्या दिवशी वेळ पुन्हा तपासावी. भाड्याच्या मोटारीत मुलांचे आसन सहसा नसते. धाकट्यासाठी ते ऑस्टिनहूनच आणावे.