पोस्टग्रेसची इमेज मुलांना दिली, पण टेबलं रिकामी

प्रश्न:
तालुक्याच्या कॉलेजात डेटाबेस शिकवते. गावच्या वाचनालयाची रजिस्टरं मुलांनी दोन महिने बसून टाइप केली, 8,412 पुस्तकं! पोस्टग्रेस 16 या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या अधिकृत डॉकर इमेजवरून (तयार साच्यावरून) कंटेनर, म्हणजे त्या साच्याची चालती प्रत, सुरू करून त्यात सगळं भरलं. मग डॉकर कमिट करून त्या कंटेनरची नवी इमेज बनवली, डॉकर सेव्हने तिची एकच टार फाइल काढली आणि पेनड्राइव्हवर वाटली. मुलांकडे पोस्टग्रेस नीट सुरू होतं, पण आत एकही टेबल नाही. माझ्याकडे मात्र सगळं दिसतंय. मुलांची मेहनत वाया जाईल या भीतीने झोप उडालीय.

उत्तर 1:
मॅडम, डेटा शाबूत आहे. फक्त तो जुना कंटेनर काढून टाकू नका.

पोस्टग्रेसच्या इमेजमध्ये डेटाची डिरेक्टरी (फोल्डर) व्हॉल्यूम, म्हणजे डेटा साठवायची वेगळी जागा, म्हणून जाहीर केलेली असते. व्हॉल्यूम कंटेनरच्या बाहेर, तुमच्या मशीनवर राहतो. कमिट त्याला हातच लावत नाही, म्हणून एररही येत नाही. मुलांकडे डिरेक्टरी रिकामी दिसली, की पोस्टग्रेस नवा कोरा डेटाबेस मांडून बसतं.

आधी पीजी-डंप या पोस्टग्रेसच्या टूलने सगळ्या डेटाची एसक्यूएल फाइल (डंप) काढा. मग डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवायच्या सूचनांच्या फाइलमध्ये) ती 'डॉकर-एंट्रीपॉइंट-इनिटडीबी.डी' या फोल्डरात कॉपी करून इमेज बिल्ड करा. पहिल्यांदा सुरू होताना ती आपोआप भरली जाते. जीझिप केलेली (दाबून लहान केलेली) फाइलही चालते. पण डेटाची डिरेक्टरी रिकामी असेल तरच! ज्या मुलांनी नाव दिलेला व्हॉल्यूम वापरलाय, त्यांनी तो आधी काढावा, नाहीतर पुन्हा रिकामंच दिसेल.

उत्तर 2:
पासवर्डचंही बघा. कंटेनर सुरू करताना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (सेटिंगमधून) दिलेला पासवर्ड कमिट केलेल्या इमेजमध्ये तसाच जातो, डॉकर इन्स्पेक्ट ही कमांड चालवली की कुणालाही वाचता येतो. तोच पासवर्ड दुसरीकडे असेल तर आजच बदला. आणि रजिस्टरात सभासदांची नावं, फोन असतील तर डंप फक्त पुस्तकांच्या टेबलाचा काढा. इमेजच्या एका लेयरमध्ये (थरात) गेलेली फाइल पुढच्या लेयरमध्ये पुसली तरी आत राहतेच.

प्रश्नकर्ती:
झालं! सभासदांचं टेबल खरंच होतं, वेळेवर सांगितलंत. ते वगळून डंप काढला, पासवर्ड बदलला. जीझिप केल्यावर फाइल एक एमबीचीही भरली नाही आणि मी चारशे एमबीची टार वाटत फिरत होते. आता ज्यांच्याकडे नेट आहे ते अधिकृत इमेज स्वतः उतरवतात आणि ही फाइल त्या फोल्डरात माउंट करतात (बाहेरून जोडतात). सकाळी लॅबमध्ये एका मुलीने पुस्तकं मोजणारा काउंट चालवला, 8,412 आले. तिनेच टाइप केलेलं शेवटचं रजिस्टर तिने लगेच उघडून पाहिलं.