डिस्नीलँडसाठी ग्रुप टूर नकोच, असं माझं मत आहे. तुमचं काय?

कर्वेनगरकर:
मुलांना हाँगकाँगच्या डिस्नीलँडला न्यायचं म्हटलं की घरातली मोठी माणसं आधी टूर कंपनीचं नाव काढतात. माझं मत बरोबर उलटं आहे. सुट्ट्या जवळ आल्यात, बऱ्याच घरांत हीच चर्चा चालू असेल, म्हणून इथे मांडतो. पंधरा दिवसांत सहा-सात देश बघायचे असतील तर खुशाल ग्रुप टूर घ्या. पण ज्या सहलीत थीम पार्क हेच मुख्य आहे, ती स्वतः बुक करावी.

पार्कमधला दिवस मुलांच्या कलाने चालतो. आमचा धाकटा चार वर्षांचा. दुपारी दोन वाजले की तो पेंगायला लागतो, मग समोर मिकी येऊन उभा राहिला तरी उपयोग नाही. त्याला हॉटेलवर नेऊन झोपवायचं आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर परत आणायचं, की रात्रीच्या शोपर्यंत तो ताजातवाना. हे ग्रुपमध्ये कसं करणार? तिथे पस्तीस माणसांची एकच वेळ.

दुसरी गोष्ट उंचीची. राइडच्या तोंडाशी मोजपट्टी असते आणि तिथला कर्मचारी मुलाला तिच्याशी सरळ उभं करतो. हायपरस्पेस माउंटनला १०२ सेंटीमीटर लागतात, ग्रिझलीच्या खाणगाडीला ११२, आरसी रेसरला १२०. आमची मोठी तिन्हींत बसते, धाकटा एकातही नाही. म्हणजे आईबाबांपैकी एकाने एकीबरोबर रांगेत राहायचं, दुसऱ्याने धाकट्याला फ्रोझनच्या भागात फिरवायचं, मग अदलाबदल. हे वेळापत्रक दुसरं कोणी आमच्यासाठी आखू शकत नाही.

आणि हाँगकाँग त्यासाठी सोपं शहर आहे. २००५ मध्ये पार्क उघडलं त्याच वर्षी मेट्रोची स्वतंत्र मार्गिका सुरू झाली. सनी बे स्टेशनला गाडी बदलायची, मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या खिडक्यांची गाडी काही मिनिटांत पार्कशी सोडते. व्हिसाचं म्हणाल तर १४ दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला आपल्याला व्हिसा लागत नाही. प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन करायचं, तेही तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर, विनाशुल्क. प्रत्येकाचं वेगळं, लहान मुलांचंही. पावती पांढऱ्या ए-फोर कागदावर छापून पासपोर्टबरोबर ठेवायची. एवढ्यासाठी कुणाला पैसे कशाला द्यायचे?

दोन पिल्लांची आई, ठाणे:
सगळं वाचलं. एकच विचारते, ‘स्वतः बुक करावी’ म्हणजे घरात कोणी?

आम्ही सिंगापूर असंच स्वतः केलं. नवऱ्याने विमानाची तिकिटं काढली आणि सगळ्यांना सांगितलं की प्लॅनिंग झालं. युनिव्हर्सल स्टुडिओची तारीख, हॉटेलमध्ये जादा पलंग मिळेल का, सासूबाईंच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन, प्रत्येकाचं अरायव्हल कार्ड, हे सगळं माझ्याकडे. ते कार्ड फुकट असतं, पण त्याचे पैसे उकळणाऱ्या बनावट साइट्स आहेत, त्यातून खरी शोधायची. तिथे पोचल्यावर जो तो मलाच विचारायचा, आता कुठे जायचं, जेवायचं काय, किती वेळ लागेल. सेंटोसाच्या गाडीत सगळे खिडकीबाहेर बघत होते आणि मी फोनमध्ये तिकिटांचे क्यूआर कोड शोधत होते.

सकाळी उठावं आणि दुसऱ्या कोणीतरी सांगावं, सव्वाआठला नाश्ता करून लॉबीत या. मला ही सुट्टी वाटते. यंदा मी ग्रुप टूरच घेणार आहे. राइड दोन कमी झाल्या तरी चालतील.

हिशेबनीस:
मी पैशाचं बोलतो, कारण दोन्हीकडचे लोक अर्धाच हिशेब मांडतात.

ग्रुप टूरच्या जाहिरातीतला आकडा माणशी असतो आणि तो दोघांत एक खोली धरून. त्यावर ५ टक्के जीएसटी, वर टीसीएस, म्हणजे कंपनीने आपल्याकडून आधीच घेऊन सरकारकडे भरायचा आयकर. टीसीएस हा खर्च नव्हे, आयकर खात्याकडच्या आपल्या नोंदीत दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकून राहतात. त्याचे दर २०२३ पासून वरचेवर बदललेत, म्हणून बुकिंगच्या दिवशी लागू असलेला दर विचारा. मुलांचा ‘विदाउट बेड’ दर घेतलात तर पोर तुमच्याच पलंगावर, हेही लक्षात असू द्या. टिप्स आणि ‘ऑप्शनल’ सहली वेगळ्या.

आता स्वतः करणारे काय विसरतात? बहुतेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाचं मार्कअप २ ते ३.५ टक्के असतं, त्यावर पुन्हा जीएसटी. हाँगकाँगात १ जानेवारी २०२५ पासून हॉटेलच्या भाड्यावर ३ टक्के कर पुन्हा लागू झालाय. रेस्टॉरंटात १० टक्के सर्व्हिस चार्ज बिलातच लावतात. आणि तिथल्या खोल्या लहान. चौघांना एका खोलीत घेणारं हॉटेल शोधावं लागतं, नाहीतर दोन खोल्या. नातेवाइकांचे असे हिशेब मी बसून तपासलेत. तिघांच्या कुटुंबाला स्वतः केलेलं बरंच स्वस्त पडतं. आजी-आजोबा धरून सहा माणसं झाली की फरक थोडाच उरतो.

त्यामुळे स्वस्त पडतं म्हणून स्वतः करू नका. करायचं तर कर्वेनगरकर म्हणतात त्या कारणासाठी करा.

जुना वाटाड्या:
मी बरीच वर्षं युरोपचे ग्रुप नेले, आता निवृत्त आहे. ग्रुपला पार्कमधून लवकर बाहेर काढतात ही तक्रार मी शेकडो वेळा ऐकलीय. लोकांना वाटतं टूर मॅनेजर कंटाळला. खरं कारण सांगतो.

युरोपात बसचालकाला रोज सलग ११ तास विश्रांती द्यावीच लागते. आठवड्यात मोजक्या वेळा ती ९ तासांवर आणता येते. बसमधला टॅकोग्राफ मिनिटामिनिटाची नोंद ठेवतो, पोलीस रस्त्यात थांबवून ती तपासतात आणि दंड मोठा असतो. आता पॅरिसचं डिस्नीलँड बघा. जूनमध्ये तिथे सूर्य मावळायला रात्रीचे दहा वाजतात. किल्ल्यावरचा प्रकाशाचा खेळ अंधार झाल्याशिवाय सुरू होणार नाही, तो संपवून गर्दीतून बसपर्यंत येईतो मध्यरात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला स्वित्झर्लंडकडे निघायचं छापील कार्यक्रमात असेल तर तो चालक तुम्हाला आणूच शकत नाही. म्हणून संध्याकाळीच गेटवर बोलावतात. दोष असलाच तर कार्यक्रम आखणाऱ्याचा. पॅरिसचा एक मुक्काम वाढवला की प्रश्न सुटतो, पण मग किंमत वाढते आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

हे कबूल करून कर्वेनगरकरांना विचारतो, बिनसलं तर काय कराल? एकदा ग्रुपमधल्या एका बाईंची पर्स पॅरिसच्या मेट्रोत गेली, पासपोर्टसकट. पोलीस तक्रार, फोटो, भारतीय दूतावास, इमर्जन्सी सर्टिफिकेट. ते घेऊन फक्त भारतात परतता येतं, पुढे फिरता येत नाही. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर दूतावासात बसलो आणि स्थानिक गाईड बाकीच्यांना घेऊन लूव्रला गेला. त्यांची दोन्ही मुलंही ग्रुपमधल्या एका कुटुंबाबरोबर गेली, जेवून-खाऊन संध्याकाळी हॉटेलवर आली. चौघंच असता तर चौघंही दिवसभर दूतावासाच्या बाकावर.

कर्वेनगरकर:
@जुना वाटाड्या, चालकाच्या तासांचं नेमकेपणाने सांगितलंत, आभार. पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो. बस आली की बसचे नियम आले. मेट्रोने जाणाऱ्या कुटुंबाला टॅकोग्राफ नाही. शिवाय हाँगकाँगला मे महिन्यात सातच्या सुमारास अंधार पडतो, रात्रीचा शो लहान मुलांनाही झेपतो. तो सोडून निघावं लागणं मला पटत नाही. पासपोर्टचं मान्य. त्यासाठी चांगला विमा आणि तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचा नंबर जवळ, एवढी तयारी ठेवतो.

@दोन पिल्लांची आई, ओझं एकटीवर पडतं हे खरं, पण त्यावर उपाय घरात कामं वाटून घेणं हा आहे. आमच्याकडे हॉटेल आणि पार्कची तिकिटं मी बघतो, खाणं आणि औषधं बायको. तिथे पोचल्यावर एक दिवस ती ठरवते, एक दिवस मी.

दोन पिल्लांची आई, ठाणे:
कामं वाटली जावीत हे मलाही वाटतं. पण ती वाटली जाईपर्यंत मी माझी सुट्टी पुढे ढकलायची का? तुमच्या घरात होतंय, फार चांगलं आहे. बहुतेक घरांत होत नाही, आणि ‘स्वतः करा, सोपं आहे’ असं लिहिणारा हे लिहीत नाही.

सत्तरीतला प्रवासी:
आजी-आजोबांचा विषय निघालाय, म्हणून लिहितो. मुलगा-सुनेबरोबर पार्क पाहिलं. नातवंडं राइडवर, मुलगा-सून त्यांच्यामागे, आम्ही दोघं बॅगा सांभाळत बाकावर. त्यांनी हौसेने नेलं, प्रेमाने सगळं केलं, पण बोलायला कोणी नव्हतं. ग्रुप टूरमध्ये आमच्या वयाची चार-सहा माणसं हमखास असतात. पुढे ग्रुपबरोबर गेलो तेव्हा त्याच पार्कमध्ये आम्ही सावलीत बसून नागपूर, कोल्हापूर, बेळगावच्या गप्पा मारल्या, मिरवणूक बघितली, आगगाडीतून चक्कर मारली. तो दिवस मला अजून आठवतो. माझं मत ग्रुपला.

तुंगचुंगकर:
मी इथे हाँगकाँगातच राहते, डिस्नीपासून जवळ. येणाऱ्या पाहुण्यांना जे सांगते तेच लिहिते.

१ ते ५ मे या दिवसांत चुकूनही येऊ नका. चीनमध्ये तेव्हा कामगार दिनाची सलग सुट्टी असते आणि पार्कमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आपल्या शाळांच्या सुट्ट्या नेमक्या तेव्हाच सुरू, म्हणून आपले बरेच ग्रुपही त्याच आठवड्यात. मे महिन्यात बुद्धजयंतीचीही सुट्टी असते, ती तारीख बघून घ्या. मंगळवार-बुधवार उत्तम. स्वतः येणाऱ्याला हे निवडता येतं, ग्रुपला छापील तारीख पाळावी लागते. इथवर मी कर्वेनगरकरांच्या बाजूची.

पण ‘सोपं शहर’ याला माझी हरकत आहे. तरुण माणसांना सोपं. सेंट्रल किंवा चिम शा चुईच्या स्टेशनात एका गाडीतून दुसरीकडे जाताना वयस्कर माणसं दमतात, लिफ्ट असते पण शोधावी लागते. विमानतळावरून पार्कला थेट मेट्रो नाही. टॅक्सी करावी तर बऱ्याच टॅक्सीत चारच माणसं बसतात, पाच जण आणि बॅगा म्हणजे दोन टॅक्सी. मे पासून पावसाचा मोसम. अतिवृष्टीचा काळा, म्हणजे सगळ्यात वरचा, इशारा लागला की जिथे असाल तिथेच आडोशाला थांबायचं. वादळाचा ८ नंबरचा सिग्नल लागला तर बस, फेरी, दुकानं एकेक करून बंद होत जातात. तेव्हा पुढे काय करायचं हे स्वतःच ठरवावं लागतं, आणि पहिल्यांदाच परदेशी आलेलं कुटुंब अशा वेळी गांगरतं. मी पाहिलंय.

जेवणाचं तितकं कठीण नाही. पार्कमध्ये भारतीय जेवण मिळतं. शहरात नेथन रोडवरच्या चुंगकिंग मॅन्शन्समध्ये भारतीय खानावळी आहेत. पण जैन किंवा अगदी काटेकोर शाकाहारी असाल तर सोबत दशम्या, चटणी, मेतकूट असू द्या. चिनी दुकानातल्या ‘भाज्यांच्या’ सूपमध्येही मांसाचं पाणी असू शकतं.

दोन पिल्लांची आई, ठाणे:
@जुना वाटाड्या, मी हाँगकाँगच्याच ग्रुपला पैसे भरायच्या बेतात आहे. त्याआधी कंपनीला काय विचारू?

जुना वाटाड्या:
पार्कमध्ये आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत किती तास मिळणार, हे आधी. ‘पूर्ण दिवस’ या उत्तरावर थांबू नका, घड्याळातले आकडे मागा. रात्रीचं जेवण पार्कमध्ये की शहरातल्या रेस्टॉरंटमध्ये? शहरात असेल तर समजा की शो बुडणार, कारण तिथे टेबलाची वेळ ठरलेली असते. ज्यांना मागे थांबायचंय त्यांना मेट्रोने परत येऊ देता का, तेही विचारा. बहुतेक कंपन्या ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असं लिहून घेऊन देतात. आणि जे सांगतील ते ईमेलवर घ्या, फोनवरचं धरू नका.

कर्वेनगरकर:
ग्रुपमध्ये राहून मेट्रोने वेगळं परतायचं, जेवणाची वेळ बदलून घ्यायची, तारखेसाठी भांडायचं. इतकं करायचं तर ग्रुपला पैसे कशाचे? माझं मत तेच आहे.

दोन पिल्लांची आई, ठाणे:
पैसे रजिस्ट्रेशन-विमा-विमानतळ-नाश्ता-बॅगा यांचे, आणि मी कोणाच्याच ‘आता कुठे?’ला उत्तर द्यायचं नाही याचे.

कंपनीला विचारलं. शहरातल्या रेस्टॉरंटचं जेवण होतं, आम्ही सहा कुटुंबांनी मिळून मागितल्यावर त्या दिवसाचं जेवण पार्कमध्येच ठेवलं. शो संपल्यावर बस निघेल असं ईमेलवर आलंय. तारीख १८ मेनंतरची घेतली. आज पैसे भरले.